शुभारंभाच्या आधीचा प्रयोग

देशपांडे सभागृहाच्या फाटकापाशी नाटकांचे फ्लेक्स लागतात, तिथे आम्ही दोघं तिकिटं काढायला थांबलो होतो. मी आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या हौशी संस्थेचे प्रकाशयोजनाकार. वयानं माझ्याहून मोठे, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. फ्लेक्सवर मालिकांमधले दोन ओळखीचे चेहरे, त्यांच्याखाली नाटकाचं नाव, आणि नावाखाली पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘नागपुरात शुभारंभाचा प्रयोग’. नाटक आमच्याच सरांनी लिहिलेलं. नागपूरच्या माणसाचं नाटक मुंबईच्या संस्थेनं घेतलं, चाललं, आणि आता दौऱ्यावर इकडे येत होतं, याचा आनंदच होता. म्हणून तर पहिल्याच दिवशी खिडकीवर गेलो होतो. भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि ती पट्टी परत वाचली. मग म्हणाले, ‘‘काहो ताई, मंग आपण काय केलं होतं? तालीम?’’ आणि मोठ्यानं हसले. खिडकीतल्या माणसानं प्लॅन पुढे सरकवला, आम्ही मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर खूण करून घेतली, पैसे दिले, निघालो. भाऊ विसरूनही गेले असतील. मला मात्र तो प्रश्न चावत राहिला.

कारण आम्ही ते नाटक केलं होतं. याच शहरात, लक्ष्मीनगरातल्या सायंटिफिक सभागृहात, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. मी प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून वाक्य पुरवणारी. बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर हौशी रंगभूमीवर मी हेच एक काम केलं, आणि ते मला आवडतं. प्रॉम्प्टरला नाटक समोरून कधी दिसत नाही. दिसतात ते नटांचे कान, मानेवर सुकत चाललेला रंग, विंगेत येताच गळून पडणारे चेहरे. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. आईचं काम करणाऱ्या बाईंना सुती नऊवारीत कुडकुडायला होत होतं, म्हणून एंट्री नसली की त्या माझी शाल ओढून घ्यायच्या आणि एंट्रीच्या दोन वाक्यं आधी माझ्या मांडीवर टाकून जायच्या. शालीला स्पिरिट गमचा वास लागला तो बरेच दिवस गेला नाही. सकाळी ‘छोटा हत्ती’मधून नेपथ्य आलं होतं, दुपारपर्यंत फळ्यांवरचा रंग ओला होता, आणि रात्री पडदा पडल्यावर तासाभरात सगळं उतरवून पुन्हा त्याच गाडीत चढवायचं होतं. मध्यभागी टेबलावर छोटा दिवा लावून तीन परीक्षक. त्यांच्या मागे नातेवाईक, आणि दुसऱ्या संस्थांची मंडळी. ही येतात ती आपल्यापेक्षा वाईट काय आहे ते बघायला. स्पर्धेत हे असंच असतं, आम्हीही त्यांच्या नाटकांना त्याच कामासाठी जातो.

आईंच्या कामाला प्रमाणपत्र मिळालं. नाटक पुढे गेलं नाही.

म्हणजे पहिला प्रयोग आणि शेवटचा प्रयोग एकाच रात्री. हौशी रंगभूमीवर हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालमी करायच्या, कुणाची रजा, कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलीची बारावी सांभाळत नाटक उभं करायचं, एक रात्र ते उजेडात आणायचं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवायचं. व्यावसायिकवाल्यांचा ‘शंभरावा’ असतो, ‘नाबाद दोनशे’ असतो, जाहिरातीत आकडा रोज वाढत जातो. आमच्या नाटकांना आकडा लागतच नाही. एकाला काय क्रमांक द्यायचा!

तर, देशपांडेचा तो प्रयोग बघितला. सभागृह गच्च भरलं होतं. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला आणि आमचं घर दिसलं, फक्त दुप्पट मोठं आणि खऱ्या लाकडाचं वाटणारं. चांगला प्रयोग होता. खोटं कशाला बोलू, आमच्यापेक्षा चांगला होता. पण मला धड बघता येईना, कारण माझे ओठ हलत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. पहिल्या अंकात आई औषधाची बाटली उचलते आणि थांबते, तिथे मुंबईच्या नटीनं इतका लांब विराम घेतला की मी खुर्चीतून पुढे झुकले. आमच्या बाई तिथे हमखास अडकायच्या, त्यामुळे त्या जागेवर माझ्या शरीराला सवयच लागलेली आहे. वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात नटीनं नुसती बाटली खाली ठेवली आणि आत निघून गेली. वाक्यच नव्हतं. काढून टाकलं होतं, आणि त्याच्यावाचून जागा कितीतरी खुलली होती. मला बरं वाटलं आणि राग आला, दोन्ही. दुसऱ्या अंकात तर मला पुढचं काहीच येईना. पहिल्यांदाच मी ते नाटक पुढे काय होणार हे माहीत नसताना पाहत होते, आणि भाऊ अंधारात कुजबुजले, ‘‘हे कुठून आलं बाप्पा?’’

मराठी नाटकाचं पुस्तक हातात आलं की मी आधी एक पान काढते. सुरुवातीलाच असतं ते. अमुक संस्थेनं या नाटकाचा पहिला प्रयोग अमुक तारखेला अमुक रंगमंदिरात सादर केला. खाली कलाकार, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा. नाटकाचं जातक म्हणतात ना, तसं. नाटक विसरलं जातं, नट विसरले जातात, पण कुणी कधी ग्रंथालयात ते पुस्तक उघडलं तर ती बारीक अक्षरातली यादी तिथेच असते. प्रॉम्प्टरचं नाव त्यात क्वचितच येतं, त्याचं सोडा. सरांच्या नाटकाचं पुस्तक पुढे निघालं आणि मी सवयीनं ते पान काढलं. तारीख मुंबईची. संस्था मुंबईची. सायंटिफिक सभागृह कुठेही नाही.

मी सरांना फोन केला. त्यांच्याशी भांडण्याइतकी जवळीक आहे, आणि ते माणूस म्हणून इतके सरळ आहेत की आडपडदा ठेवावा लागत नाही. ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही केलं ते नाटक वेगळं होतं. दुसरा अंक मी पूर्ण नवा लिहिला. शेवट बदलला. या नाटकाचा पहिला प्रयोग तिकडेच झाला की नाही? तुम्हीच सांगा.’’ फोन ठेवून मी लोखंडी कपाटातून माझी प्रॉम्प्टिंगची प्रत काढली. झेरॉक्सची पानं, तारेनं शिवलेली. कडेला पेन्सिलीच्या खुणा : कुठे श्वास, कुठे अडखळणं, कुठे एंट्रीला उशीर होणार म्हणून ‘बोलत राहा’. पुस्तक शेजारी ठेवून रात्री बसले. पहिला अंक बहुतेक तोच, पन्नासेक वाक्यं गाळलेली. दुसरा अंक खरंच नवा. आमच्याकडे मुलगा परत येतो. पुस्तकात तो येतच नाही, त्याची बॅग येते. सरांचं खरं होतं. बॅग येणं हे मुलगा येण्यापेक्षा फार वरचं आहे, कुणीही कबूल करील.

पण खरं असलं म्हणून पटलं असं नाही.

संगीत सौभद्राचा पहिला प्रयोग कधी झाला, हे नाटकवाल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा. १८ नोव्हेंबर १८८२, पुणे. त्या रात्री पाच अंकी नाटकाचे तीनच अंक झाले होते. पाचही अंकांचं सौभद्र लोकांनी पाहिलं ते पुढच्या वर्षी, मार्चमध्ये. त्याआधी शाकुंतलाचंही तेच. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पहिले चार अंक केले, आणि संगीत रंगभूमीचा जन्म आपण त्याच तारखेला मानतो. सात अंक पूर्ण व्हायची वाट इतिहासानं पाहिली नाही. मग अर्ध्या नाटकाला पहिला प्रयोग म्हणता येतो आणि दुसरा अंक वेगळा असलेल्या पूर्ण नाटकाला म्हणता येत नाही, हे कोणत्या हिशोबात बसतं? हे मी सरांना विचारलं नाही, भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, ‘‘अण्णासाहेब किर्लोस्कर आणि आपण एकाच तागडीत बसून राहिलो का ताई?’’ त्यांच्या बोलण्यात मुद्दा असतो, तो लगेच लक्षात येत नाही.

बरं, स्पर्धेतला प्रयोग म्हणून तो धरायचा नाही असं म्हणावं, तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगायननं १९६७ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठीच उभं केलं होतं. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात झालं, तेही प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं स्पर्धेचं नाटक म्हणूनच. १९ प्रयोगांनंतर त्या संस्थेनं ते थांबवलं, मंडळी बाहेर पडली, थिएटर ॲकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत त्याच नाटकाचे प्रयोग नव्यानं सुरू केले. जगभर गाजलं ते हे दुसरं. तरी पहिला प्रयोग विचारला की सगळे १९७२ च सांगतात, आणि बरोबरच आहे. म्हणजे संस्था बदलली तरी चालतं, स्पर्धा असली तरी चालतं, अंक अपुरे असले तरी चालतं. एवढं सगळं चालत असताना न चालणारं काय राहतं, ते मग मला दिसायला लागलं. पाहणारे कोण होते आणि त्यांनी पाहिलेलं कुणी लिहून ठेवलं, एवढंच. भरत नाट्य मंदिरातल्या त्या रात्रीबद्दल बोलणारी, लिहिणारी माणसं होती. आमच्या रात्रीची नोंद माझ्या पेन्सिलीत आहे.

नागपूरच्या माणसानं हे मनाला लावून घेऊ नये, कारण त्याला सवय असायला हवी. नाटककार महेश एलकुंचवार इथेच राहतात, इथेच लिहितात. ‘वाडा चिरेबंदी’तला धरणगावचा वाडा आपल्या विदर्भातला, त्यातली बोली आपली, ओसरी आपली, मोडकळीला आलेला तो तोराही आपलाच, आणि तो वाडा रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला १९८५ मध्ये मुंबईत, विजया मेहतांच्या दिग्दर्शनात. आपलं घर आधी परगावच्या लोकांनी पाहायचं आणि मग ते दौऱ्यावर आपल्याला दाखवायला यायचं. यात अन्याय शोधायला मी जात नाही. तिथे तालमीला वेळ देणारे नट होते, संस्था होती, आठवड्याला दोन-तीन प्रयोग लावायची सोय होती. नाटकाला जे लागतं ते जिथे असेल तिथे नाटक जाणार.

आणि पहिल्या प्रयोगाला हजर असणं लेखकाच्याही नशिबी असतंच असं नाही. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानं निघालं की सावनेर लागतं. बाजार, संत्र्यांच्या गाड्या, एसटीची गर्दी. थांबावं असं रस्त्यावरून काही दिसत नाही. याच गावात २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी गेले. शेवटच्या आजारात इथेच त्यांनी ‘भावबंधन’ हातावेगळं केलं. ‘एकच प्याला’ लिहून झालेलं होतं, गंधर्व नाटक मंडळीकडे होतं. त्याचा पहिला प्रयोग बडोद्याला झाला तो फेब्रुवारी १९१९ मध्ये, लेखक जाऊन महिनाही झाला नव्हता. सुधाकर, सिंधू, तळीराम ही माणसं गडकऱ्यांनी रंगमंचावर चालताबोलताना कधी पाहिलीच नाहीत. मी सावनेरवरून गेले की मला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्याला झाला हे अर्धवट वाटतं. सावनेरच्या खोलीत, अंगात ताप असताना, त्या माणसानं आपलं नाटक मनातल्या मनात एकदा तरी पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत पाहिलं असेलच. पण तो प्रयोग धरायचा तर मग प्रत्येक लेखकाचा धरावा लागेल, आणि ते फारच झालं.

माझी पुतणी अमेरिकेत नाटकाचं शिक्षण घेते. तिला हा सगळा वैताग सांगितला तर ती म्हणाली, ‘‘काकू, इथे तर यावर करार असतात.’’ तिकडे नव्या नाटकाच्या ‘वर्ल्ड प्रीमियर’ला बाजारभाव आहे. छोट्या थिएटरला अनुदान मागताना, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावताना तो शिक्का उपयोगी पडतो. पहिल्यांदा करणाऱ्या संस्थेचं नाव पुढच्या प्रयोगांच्या पत्रिकेत छापायचं, लेखकाला पुढे मिळणाऱ्या मानधनातला काही हिस्सा तिला द्यायचा, असं लिहून घेतलेलं असतं. ऐकायला छान वाटतं. पण त्याचा उलटा परिणाम तिनंच सांगितला : शिक्का एकालाच मिळतो म्हटल्यावर दुसऱ्या थिएटरला त्या नाटकात रस उरत नाही. सगळ्यांना पहिलंच नाटक हवं असतं, दुसरा प्रयोग करायला कुणी तयार नसतं, आणि नाटक पहिल्याच गावात मरतं. म्हणून काही थिएटरांनी मिळून वेगळीच शक्कल काढली. एकच नवं नाटक तीन-चार शहरांतली थिएटरं पाठोपाठ आपापल्या पद्धतीनं बसवतात, लेखक प्रत्येक ठिकाणी दुरुस्त्या करत जातो, आणि प्रीमियरचा मान सगळ्यांना मिळून. ‘रोलिंग वर्ल्ड प्रीमियर’ म्हणतात त्याला. मला हे इतकं आवडलं की मी लगेच भाऊंना फोन केला. भाऊ म्हणाले, ‘‘हे तर आपल्याकडे आहेच. ठाण्याला शुभारंभ, पार्ल्याला शुभारंभ, पुण्याला शुभारंभ, एकाच आठवड्यात. फक्त लेखक दुरुस्त्या करत नाही.’’

पुतणीनं आणखी एक-दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला रात्री हसवत राहिल्या. ब्रॉडवेवर आधी ‘प्रिव्ह्यू’ होतात. लोक पूर्ण पैसे देऊन येतात, नाटक पूर्ण होतं, पण तो प्रीमियर नाही. स्पायडर-मॅनवरच्या एका महागड्या संगीत नाटकाचे असे प्रिव्ह्यू नोव्हेंबर २०१० पासून पुढच्या जूनपर्यंत चालले, दीडशेच्या कितीतरी वर. समीक्षकांनी रिवाज म्हणून थांबायचं असतं. ते फेब्रुवारीतच कंटाळले आणि लिहून मोकळे झाले. म्हणजे नाटक पडलं की तरलं ते लोकांना कळलं, आणि नाटक सुरू झालं असं जाहीर व्हायचं अजून बाकी! याच्या बरोबर उलट लंडनमधलं. ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ च्या मे महिन्यात बाहेर पडायच्या आठवडाभर आधी लिसियम थिएटरात तिचं नाट्यवाचन उरकून घेतलं गेलं, कारण त्या वेळच्या इंग्लंडात रंगमंचाचा हक्क राखायचा तर आधी एकदा जाहीर प्रयोग झालेला दाखवावा लागे. कुणी बघावं असा हेतूच नव्हता. कायद्यापुरता प्रयोग. तिकडे प्रेक्षक होते आणि प्रयोग नव्हता, इकडे प्रयोग होता आणि प्रेक्षक जवळजवळ नव्हते.

आपल्याकडे ‘पहिलं’ म्हटलं की ५ नोव्हेंबर. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, तो मराठी रंगभूमी दिन. आम्हीही त्या दिवशी नटराजाची पूजा करतो, घंटा वाजवतो, संत्रा बर्फी वाटतो. पण तंजावरला मराठी राजांच्या दरबारात त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली जात होती. आणि जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं, ते त्यांच्या हयातीत ना छापलं गेलं ना रंगमंचावर आलं. छापून आलं ते १९७९ मध्ये. शेतकऱ्याला फसवणाऱ्या जोशाचं ते नाटक १८५५ च्या पुण्यात, त्याच लोकांसमोर झालं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला आज साक्षीदार नाही. पहिल्या प्रयोगाची तारीख नसलेलं नाटक इतिहासात कुठे बसवायचं, हे इतिहास लिहिणाऱ्यांना अजून अवघड जातं. तारीख असली की सगळं सोपं होतं. पूजा करता येते.

आईचं काम करणाऱ्या आमच्या त्या बाई नंतर काही वर्षं हिवाळ्यात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, कामाला जायला लागल्या. दिवाळी झाली की वडशाला मुक्काम, आणि तिथून रोज नवं गाव : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. एकदा त्यांनी मला नेलं. मंडपात हजारावर माणसं, ट्रॅक्टरनं, मोटारसायकलनं, पायी आलेली; बायका पोरांना गोधडीत गुंडाळून पुढे बसलेल्या. वर लोंबकळणारे माइक. गाणं आलं की ऑर्गन आणि ऑक्टोपॅड असे काही घुमायचे की समोरचं धान कापलेलं रान हादरावं. तालमींना वेळ कमी, प्रयोग जास्त, त्यामुळे प्रॉम्प्टरला तिकडे मान आहे; मला एकानं विचारलंसुद्धा, ‘‘येता का बाई सीझनले?’’ मी बाईंना विचारलं, हा या नाटकाचा कितवा प्रयोग? त्या केसांत पिना खोचत होत्या. ‘‘मालकाला माहीत,’’ म्हणाल्या, ‘‘या गावचा पहिलाच आहे नं.’’ आणि पदर सारखा करून गेल्या. त्या रात्री शेवटच्या प्रवेशात सासू सुनेच्या पाया पडते तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, ‘‘आत्ता काहून पडतं वो?’’ नाटकात ते वाक्य नव्हतं. कुठल्याच गावी नसणार.

माझं मत विचाराल तर ते या म्हातारीपाशी येऊन थांबतं. तिथे तिची कुणाशी सोयरीक नव्हती. तिला कुणाला गुण द्यायचे नव्हते, कुणाचं कौतुक करणं भाग नव्हतं. असा, मंडळींपैकी कुणाचाच कुणी नसलेला माणूस नाटकासमोर पहिल्यांदा बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही, तो पहिला प्रयोग. रंगीत तालमीला बोलावलेले पाहुणे यात येत नाहीत, ते मांडवातलेच. परीक्षक येत नाहीत, त्यांना तर बसणं भागच असतं. या हिशोबानं कितीतरी नाटकांचा पहिला प्रयोग पाचवा-दहावा असेल, आणि काहींचा अजून झालेलाच नसेल. सायंटिफिकच्या त्या रात्री असा एक माणूस होता. मी विंगेतून त्याला पाहिलं. बाजूच्या दारापाशी, मफलर गुंडाळलेला, हातात दुचाकीचं हेल्मेट. कुणाची तरी वाट बघत थंडीतून आत आला असावा. पहिल्या अंकात तो भलत्याच ठिकाणी हसला, जिथे आम्ही कुणीच हसलो नव्हतो, आणि आमचा मुलाचं काम करणारा नट क्षणभर थबकला. मला वाक्य पुरवावं लागलं. मध्यंतरानंतर पाहते तर तो मागच्या रांगेत बसलेला, हेल्मेट मांडीवर. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा तो निघून गेलेला होता, पण शेवटच्या प्रवेशात होता. हे मी शपथेवर सांगेन. प्रतीत त्या हसण्याच्या जागी मी पेन्सिलीनं एक टिंब दिलेलं आहे.

आणि पुस्तक शेजारी ठेवून तपासलं तेव्हा दिसलं, तो हसला ते वाक्य सरांनी नव्या संहितेत ठेवलं आहे. जसंच्या तसं. एवढी काटछाट केली, त्याला हात लावला नाही. सर त्या रात्री शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनीही ते हसू ऐकलं असणार.

मग मात्र मी त्यांना पुन्हा फोन केला आणि सरळ सांगितलं, की मुंबईचा प्रयोग पहिला म्हणून राहू द्या, माझी हरकत नाही, पण खाली एक ओळ टाका. या नाटकाचा आधीचा खर्डा नागपूरला स्पर्धेत अमक्या मंडळींनी केला होता, इतकंच. भाऊंचं नाव, आईंचं नाव, नेपथ्याच्या पोरांचं नाव. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘ताई, हे माझ्याकडून तेव्हाच व्हायला हवं होतं. दुसऱ्या आवृत्तीत टाकतो. नक्की.’’

‘‘कधी निघते दुसरी आवृत्ती?’’

‘‘पहिली तर संपू द्या,’’ सर म्हणाले. ‘‘नाटकाचं पुस्तक घेतंय कोण? प्रकाशकानं मानधनाऐवजी प्रतीच दिल्या, गठ्ठे माझ्या दिवाणाखाली आहेत. सौ. रोज ओरडते. तुम्हीच उचला थोड्या, तेवढीच आवृत्ती लवकर संपेल.’’

रविवारी भाऊंच्या स्कूटरवर जाऊन दहा प्रती घेऊन आलो. सवलत मागितली तर म्हणाले, ‘‘ती प्रकाशकाला विचारावी लागेल.’’